कापलेली लँडरोव्हर

मार्च संपत आला तरी टेकडीवरून उतरणारं पाणी थांबलं नव्हतं. शेडच्या मागच्या भिंतीला ओल चढली होती. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की ग्राइंडर बंद केल्यावरही तनूला बापाचं बोलणं दोनदा ऐकावं लागत होतं.

“इथपर्यंत,” हरीश म्हणाला. लँडरोव्हरच्या मागच्या हौद्यात गुडघ्यांवर बसून त्याने खडूने रेघ ओढली. “ह्याच्या पुढे नको जाऊस. खाली चासीचा आडवा दांडा आहे.”

“माहितीये, बाबा.”

तनूने डोळ्यांवर गॉगल ओढला आणि चकती पत्र्यावर टेकवली. अ‍ॅल्युमिनियमच्या ठिणग्या उडत नाहीत. राखाडी चुरा उडतो, मास्कच्या कडेतून नाकात शिरतो आणि मग दिवसभर जिभेवर धातूची चव राहते. रेघेच्या शेवटाला हौद्याचा मागचा तुकडा करकरत खाली आला. दोघांनी तो दोन बाजूंनी धरून भिंतीला टेकवून ठेवला.

जानेवारीत त्यांनी ही शेड भाड्याने घेतली होती. एडिनबराहून दक्षिणेला तासाभराच्या आत हे मेंढ्यांचं शेत होतं: एक दगडी घर, तीन शेड आणि वर पसरलेली टेकडी. हरीश पुण्याहून आला त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. बायकोला, यमुनाला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली म्हणून तो मागून आला, बसच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि माणसं कमी केली तेव्हा बाहेर पडला. तोवर त्यांची तनू इथल्याच कॉलेजात वेल्डिंग शिकून बसली होती. जुन्या लँडरोव्हर सोलायच्या, त्यात दांडगी इंजिनं बसवायची, रुंद टायर लावायचे आणि पुन्हा झळझळीत करून द्यायच्या, हे वेड तिचं होतं. बापाने आधी नाक मुरडलं, मग हात घातला आणि मग त्यालाही ते वेड लागलं.

ही गाडी म्हणजे त्यांचं पहिलं पूर्ण काम. शेताच्या मालकिणीचा मुलगा अ‍ॅलिस्टर एडिनबराच्या फायनान्स कंपनीत होता. शेडचा करारही त्यानेच केला होता. आई इनव्हरनेसला मावशीकडे असते आणि सगळं तोच बघतो, असं त्याने सांगितलं होतं. त्याला मागचा हौदा आखूड हवा होता, छप्पर खाली आणि आत व्ही-एट इंजिन. उन्हाळ्यात तो ती जुन्या गाड्यांच्या शोला नेणार होता. छप्पर एका कोपऱ्यात दबलेलं होतं. “फांदी पडली होती,” असं अ‍ॅलिस्टर म्हणाला होता. हरीशने ते छप्पर काढून बाहेर ठेवलं, खांब कापले आणि त्यावर पुन्हा विचार केला नाही.

दार ढकललं गेलं तेव्हा आधी कुत्री आत आली. तिच्यामागे एक बाई. सत्तरी ओलांडलेली, अंगावर मेणकापडी कोट, पायात गमबूट, डाव्या काखेत कुबडी. कोटावरून पाणी निथळत होतं.

“मी मोराग,” ती म्हणाली. “काल आले. माझी गाडी तुमच्याकडे आहे म्हणे. बाहेर काढून देता?”

“कुठली गाडी?” हरीशने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या पाठीमागे. शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती. समोर नुसती चासी होती, तिच्यावर छप्पर नसलेला पुढचा भाग, अर्धा हौदा आणि उघड्या तोंडात पॉलिश केलेलं मोठं इंजिन. भिंतीला हिरव्या पत्र्याचे तुकडे उभे होते.

“ही?” ती म्हणाली.

मोराग कुबडी टेकत पुढे आली. गाडीभोवती एक फेरी मारली, पुन्हा अर्धी मारली आणि थांबली. कापलेल्या कडेवर तिने हात ठेवला आणि तो कडेवरून सरकवला. तनू ओरडली, “नका, धार आहे!” तोवर बोट कापलं होतं. रक्त पत्र्यावरून खाली ओघळलं. मोरागने बोटाकडे बघितलंसुद्धा नाही.

“माझं इंजिन कुठाय?”

“ते... अ‍ॅलिस्टर म्हणाले काढून टाका. एकजण सुट्या भागांसाठी घेऊन गेला.”

“घेऊन गेला.”

“आम्हाला वाटलं तुम्हाला माहिती आहे,” हरीश म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

“मला सांगितलं होतं, क्लच दुरुस्तीला टाकलाय.” मोराग श्वास घेण्यासाठी थांबली. “पुढच्या आठवड्यापासून माझ्या मेंढ्या विणार. चारचाकी क्वाडबाइकवर टांग टाकायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आता वर जाऊ कशी मी?”

तनूने कागदी रुमाल पुढे केला. मोरागने तो घेतला नाही. वळली आणि निघाली. अंगणातल्या चिखलात तिचा पाय घसरला, कुबडी सुटली, ती एका गुडघ्यावर आली. हरीश धावला. तिने मान वर न करता हात आडवा केला, आणि तो होता तिथेच थांबला. कुबडी ओढून घेऊन, कुत्रीच्या पाठीवर हात टेकून ती उठली आणि घरात गेली.

हरीश पावसात उभा राहिला. तनूने बाहेर येऊन त्याला आत नेलं.

अ‍ॅलिस्टरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“आई आली?” तो म्हणाला. “तिने मेपर्यंत मावशीकडे राहायचं ठरलं होतं.”

“सर, ही गाडी त्यांची आहे, असं त्या म्हणतायत.”

“आहेच तिची. मग?”

“मग तुम्ही आम्हाला—”

“हे बघ हरीश,” अ‍ॅलिस्टर म्हणाला. तो चालत असावा, मागे ट्रामची घंटा वाजली. “तिने पुन्हा चालवू नये म्हणूनच ती तुझ्याकडे दिलीय. किल्ली लपवली तर ती शोधते. बॅटरी काढली तर दुसरी आणते. कापलेली गाडी तर नाही ना चालवणार? काम चालू ठेव.”

फोन बंद झाला. तनूने ग्राइंडर बाकावर ठेवला तो इतक्या हळू, जणू आवाज झाला तर काहीतरी फुटेल.

“बाबा, त्याने आपल्याला यूज केला.”

हरीश उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. हातांना राखाडी चुरा लागला होता. तो हात चोळत राहिला, आणि चुरा रेषांमध्ये आणखी आत गेला.

संध्याकाळी घरी यमुनाने आमटी-भात वाढला. ती हाडांच्या वॉर्डात होती. दिवसभर उभं राहून तिच्या घोट्यांवर मोज्यांचे वळ उठलेले होते. हरीश भात कालवत बसला. घास काही वर गेला नाही.

“तू तिला एकदा फोन का नाही केलास?” यमुनाने विचारलं.

“ती इथे नव्हतीच.”

“नव्हती म्हणून फोन करतात.”

“मुलाने सांगितलं, सगळं तो बघतो.”

“माझ्या वॉर्डात रोज येतात अशी मुलं.” यमुनाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “आई पलंगावर जागी असते आणि हे तिच्या डोक्यावरून मला विचारतात, ही जेवली का, हिला घरी कधी सोडणार. ती आपली छताकडे बघत असते. वाईट नसतात रे मुलं. पण तिला कोणी विचारत नाही. तूही नाही विचारलंस.”

“मम्मा, प्लीज,” तनू म्हणाली.

“काय प्लीज? तूही होतीस ना?”

तनूने ताट उचललं आणि सिंकपाशी जाऊन तशीच उभी राहिली. नळ सुरू केला नाही.

सकाळी हरीश एकटा गेला. मोराग अंगणात खाद्याची पोती हातगाडीवर चढवत होती. म्हणजे एका हाताने ओढत होती, दुसऱ्या हातात कुबडी होती आणि पोतं जागचं हलत नव्हतं. बोटाला बँडेज होतं. हरीशने रात्रभर जुळवलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. आम्ही दिलगीर आहोत, आम्ही गाडी पुन्हा—

“माफी ठेव तुझ्याजवळ,” ती म्हणाली. “दोन पाय धड आहेत ना तुझे?”

“आहेत.”

“मग हे पोतं वर ने. टेकडीवर तिसऱ्या दगडी कुंपणाच्या भिंतीपाशी लोखंडी द्रोण आहे. मेंढ्या धडका देतील, दिल्या तर देऊ देत. आणि एखादी उताणी पडलेली दिसली तर सरळ कर. पोटात पिल्लं असली की त्यांना आपलं आपण पालटता येत नाही. काही तासांत मरतात.”

पोतं खांद्यावर घेऊन हरीश निघाला. गेल्या कित्येक वर्षांत तो एवढा चढ चढला नव्हता. पायाखाली गवत नव्हतंच, पाण्याने फुगलेला शेवाळी स्पंज होता. पाऊल काढताना बूट मागे राहत होता. वारा बाजूने येत होता. पहिल्या भिंतीपाशी त्याचं हृदय कानात वाजायला लागलं, दुसऱ्या भिंतीपाशी त्याने पोतं टाकलं आणि उलटी केली. तिसऱ्या भिंतीपाशी पोचला तर मेंढ्यांनी घेरून त्याला आडवा केला आणि पोतं फोडून चिखलातच खायला लागल्या.

उताणी मेंढी त्याला परतीच्या वाटेवर दिसली. खड्ड्यात पाठीवर पडलेली, चारही पाय आकाशाकडे, पोट फुगलेलं. डोळा उघडा. त्याला वाटलं, मेली. मग पाय हलला. त्याने लोकरीत हात घातले. लोकर ओली, जड, लाकडासारखी. कंबरेतून जोर लावून त्याने तिला कुशीवर घेतलं. ती उठली, झिंगल्यासारखी उभी राहिली, आणि तो हात काढून घेणार तोच त्याच्या मांडीला टेकून राहिली. बराच वेळ. तिच्या अंगाची थरथर त्याच्या हाडांत उतरत होती.

खाली येऊन त्याने सांगितलं, “एक होती.”

मोरागने मान हलवली. “उद्या लवकर ये,” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून त्याचे दिवस दोन भागांत वाटले गेले. सकाळी पोती आणि मेंढ्या, दुपारी शेड. अंग इतकं दुखायचं की गाडीखाली आडवं होताना तोंडातून आवाज निघायचा. तनूने व्ही-एट इंजिन साखळीवर टांगून बाहेर काढलं. जे इंजिन बसवल्यावर तिने पन्नास फोटो टाकले होते, ते तिने ताडपत्रीत गुंडाळून कोपऱ्यात ढकललं. जुनं इंजिन नेणाऱ्या माणसाकडे ती जाऊन आली. त्याने ते उघडून तुकडे तुकडे करून विकलं होतं. तसंच एखादं इंजिन कुठे मिळतं का, यासाठी ती फोन करत राहिली. गाडी होती तशी करून द्यायची, असं दोघांनी ठरवलं होतं.

रविवारी यमुनाही आली. डबा घेऊन आली होती. तिघं शेडमध्ये थालीपीठ खात असताना अंगणात गाडी थांबली आणि अ‍ॅलिस्टर उतरला. पंचेचाळिशीचा, उंच, महागाचे स्वच्छ बूट. तो थेट आत आला, रिकाम्या पडलेल्या इंजिनाच्या जागेकडे बघून थबकला.

“हे काय चाललंय?”

“आम्ही तुमच्या आईची गाडी परत जोडतोय,” तनू इंग्रजीत म्हणाली. “इंजिन तुमचं आहे, ते तुम्ही घेऊन जा.”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मी,” मागून आवाज आला. मोराग दारात होती. बाह्या कोपरापर्यंत रक्ताने आणि चिकट पाण्याने माखलेल्या. “आत्ताच एकीला जुळी झालीयेत. आवाज कमी कर.”

“आई, तू ह्यांना सांगितलंस का? गाडीचं काय झालं होतं ते?”

ती दाराबाहेर मेंढ्यांकडे बघायला लागली.

“सांगितलं नाहीस.” अ‍ॅलिस्टर हरीशकडे वळला. “ऑक्टोबरमध्ये वरच्या वळणावरून ही गाडी घेऊन ती ओढ्यात उलटली. दोन कोलांट्या. छपराची दांडी तिच्या कमरेवर होती. दुपारपासून अंधार पडेपर्यंत ती त्या पाण्यात होती आणि मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. शेजाऱ्याला कुत्री दिसली म्हणून सापडली. डोकं पाण्याबाहेर होतं म्हणून वाचली. मी आलो तेव्हा तिचा चेहरा निळा होता. निळा! मला वाटलं गेली.”

यमुनाच्या हातातला डबा तिच्या मांडीवर तिरका झाला आणि लोणच्याचं तेल साडीवर सांडलं. तिने तो सरळ केला नाही.

हरीशला छप्पर आठवलं. बाहेर पावसात पडलेलं, एका कोपऱ्यात दबलेलं. तो दबलेला भाग त्याने स्वतःच्या हाताने चाचपला होता. फांदी अशी दाबत नाही, एवढं त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. तीस वर्षं गाड्यांत काढलेला माणूस तो. आणि आता तो तीच गाडी होती तशीच जोडून त्याच बाईच्या हातात द्यायला निघाला होता.

“खरंय हे?” त्याने मोरागला विचारलं.

“खरंय,” ती म्हणाली. “क्लचवरून पाय निसटला. गाडी माझी, टेकडी माझी. चूकही माझी.”

“आणि आई कोणाची?” अ‍ॅलिस्टर ओरडला. त्याचा आवाज मध्येच चिरकला. “गाडी तुझी, टेकडी तुझी. आई कोणाची आहे ग तू?”

बाहेर मेंढी ओरडत होती. मोराग मुलाकडे बघत राहिली. तिचे माखलेले हात अंगापासून लांब धरलेले होते, कुठे टेकवावेत ते कळत नसल्यासारखे. मग ती वळून मेंढ्यांकडे गेली. अ‍ॅलिस्टर निघून गेला. स्वच्छ बूट चिखलात रुतले, त्याने खाली बघितलं नाही.

“बाबा, आता काय?” तनू म्हणाली. “होती तशी केली तर ती मरेल. नाही केली तर...” पुढचं तिला मराठीत सुचेना. “नाही केली तर आपण पण त्याच्यासारखा.”

उत्तर यमुनाने दिलं. तिने डबा झाकला, हात पुसले. “कुठला पाय निसटला म्हणाली?”

“क्लचचा. डावा.”

“आणि अपघातात मोडलेला खुबाही डावाच, चालीवरून कळतं. त्याच्या आधीपासूनच तो पाय दुखत असणार. बघ ना, पायरी चढताना ती पाय उचलत नाही, कमरेतून फेकते.” यमुना उठली. “तुम्ही लोकांसाठी गाड्या बदलता ना? कोणाला उंच, कोणाला रुंद, कोणाला आवाज मोठा. मग हिच्यासाठी बदला.”

त्या दुपारी मोरागला त्यांनी शेडमध्ये एका खोक्यावर बसवलं. यमुना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. हा पाय वर घ्या. आता बाजूला. इथे दुखतं? मोरागने सुरुवातीला ओठ घट्ट मिटले होते. मग म्हणाली, “हो.” थोड्या वेळाने म्हणाली, “सीटवरून उतरताना जास्त.” मग बोलायला लागली. गाडीची पायरी उंच होती. स्टिअरिंग इतकं जड, की वळणावर उठून ओढावं लागायचं. उतारावर ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागायचं. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तनू खडूने जमिनीवर रेघा मारत होती. सीट कुठे, गुडघा कुठे, खुबा कुठे. हरीश ऐकत होता. एवढी वर्षं ही बाई अशी गाडी चालवत होती.

मग काम सुरू झालं. अपघातात सापडलेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन आणि त्याच्यासोबतचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांनी भंगारातून आणला. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच नाही, डाव्या पायाला कामच नाही. तो बसवायला चासीचे दोन आडवे दांडे कापून पुन्हा जोडावे लागले. तनू पाठीवर झोपून वेल्डिंग करत होती. वितळलेला थेंब कॉलरमधून आत गेला आणि मानेखाली पैशाएवढा फोड आला. चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. स्टिअरिंगला पॉवर आली. आणि सीटच्या भोवती जाड पाइपांचा पिंजरा: गाडी उलटली तरी दबणार नाही असा. तो पिंजरा चासीला सांधताना हरीशने प्रत्येक जोड हातोड्याने ठोकून बघितला, तनूने केलेलाही, स्वतः केलेलाही. एक जोड त्याला पटला नाही. तो त्याने कापून पुन्हा केला.

कापलेल्या हौद्याच्या जागी लाकडी फळ्यांचा ओटा आला, पोती सरकवता येतील इतका खाली. दार मागे सरकवलं. खाली दोन पायऱ्या जोडल्या. यमुना सुट्टीच्या दिवशी येऊन त्या पायऱ्यांवर मोरागसारखा पाय फेकून चढून बघायची आणि म्हणायची, “अजून खाली.”

वर मेंढ्या विणत होत्या. सकाळी हरीशच्या कोटात एखादं थंड पडलेलं कोकरू असायचं. ते तो शेडच्या हीटरपाशी ठेवून मगच पाना हातात घ्यायचा. एक त्याच्या हातात मेलं. तनूने बघितलं तर तो ते तसंच धरून उभा होता, तोंड उघडं. मोरागने येऊन त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

एप्रिलच्या शेवटी गाडी शेडबाहेर आली. तिच्यासारखी कुरूप गाडी त्या दोघांनी कधी पाहिली नव्हती. अर्धी करड्या प्रायमरची, एक दार जुन्या हिरव्या रंगाचं, सगळीकडे वेल्डिंगचे व्रण, वर काळा पिंजरा. अ‍ॅलिस्टर अंगणात उभा होता. मोरागने त्याला बोलावलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. तीन आठवडे तो हरीशशी बोलला नव्हता. त्याने पुढे होऊन पिंजऱ्याचा पाइप दोन्ही हातांनी धरला आणि सगळं वजन टाकून ओढला. पाइप हलला नाही.

“बस बाजूला,” मोराग म्हणाली. “तुम्ही दोघं मागे.”

पायऱ्यांवरून ती आत गेली. कोणी हात दिला नाही. पट्टा लावला, गाडी सुरू केली आणि टेकडीकडे वळवली.

हरीश आणि तनू फळ्यांवर पाइप धरून बसले. गाडी चिखलातून न घसरता सावकाश वर निघाली. वरच्या वळणाशी मोरागने ती थांबवली. डाव्या हाताला उतार तुटत होता, खाली ओढा. पाणी आता कमी होतं, काळे दगड वर आले होते. दगडांत हिरव्या पत्र्याचा एक वाकलेला तुकडा अजून अडकून होता. अ‍ॅलिस्टरने डोळे मिटून घेतले. हरीशने खाली बघितलं आणि त्याला ती उंची कळली. त्याने न बघता तनूचं मनगट धरलं. मोरागने ब्रेकवर पाय दाबून धरला होता. उतारावर ते धूड जागच्या जागी उभं होतं. मग तिने पाय उचलला आणि गाडी पुढे गेली.

माथ्यावर ऊन होतं. त्या साऱ्या महिन्यात पहिल्यांदाच. मेंढ्या पांगून चरत होत्या, त्यांच्या मागे कोकरं उड्या मारत होती. मोराग उतरली आणि कुबडी न घेता, दाराला धरत, मग नुसतीच, थोडं पुढे गेली. सगळीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“लिलाववाल्यांना मी फोन केलाय,” ती म्हणाली. “मेमध्ये येतील. आया आणि पिल्लं, सगळी. एकही ठेवणार नाही.”

हरीशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने तनूकडे बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. हाताला फोड, मानेला डाग, पाठीतली कळ, हातात मेलेलं कोकरू, सगळं एकदम आत उसळून आलं.

“मग हे कशाला?” तनू ओरडली. “आम्ही हे सगळं कशाला केलं?”

“मला स्वतः वर यायचं होतं म्हणून. आता जमत नाही मला, हे काय मला कळत नाही? हिवाळ्यातच कळलं. पण ते मी इथे उभं राहून म्हणणार होते. इनव्हरनेसला खिडकीपाशी बसवून, गुडघ्यावर शाल टाकून, कोणी माझ्या वतीने म्हणायचं नाही.” ती मुलाकडे वळली. “तू एकदा विचारलं असतंस, तर हेच सांगितलं असतं.”

अ‍ॅलिस्टर गाडीतून उतरला होता. हे ऐकायला त्याने सहा महिने धडपड केली होती. तो दोन पावलं पुढे आला. ओल्या गवतावर बसून तो रडायला लागला. लहान मूल रडतं तसं, आवाज करून, हात जमिनीवर टेकून. “सगळी?” तो म्हणत होता. “सगळी? बाबांच्या वेळची जातसुद्धा?”

“सगळी.”

एक मेंढी चरता चरता त्याच्या जवळ आली आणि त्याला हुंगून गेली. मोराग त्याच्यापाशी गेली नाही. पण गाडीकडेही गेली नाही. मधल्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली, वाऱ्यात, डावा पाय जरा मागे ठेवून.

हरीश फळीवरून खाली उतरला. आपण काय बनवलं, ते त्याला अजून नीट समजलं नव्हतं. त्याने अ‍ॅलिस्टरच्या काखेत हात घातले आणि कंबरेतून जोर लावून त्याला उभं केलं. अ‍ॅलिस्टर उभा राहिला, झोक गेला, आणि त्याने सगळं वजन हरीशवर टाकलं. हरीशने त्याला तसंच टेकून राहू दिलं.